जास्तीचं शून्य

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर कोणीच नाही. वाचनालयाचा दुसरा मजला, लांबट खोली, तीन खिडक्या आणि त्यांतली मधली कायमची बंद. डाव्या भिंतीला लागून सहा संगणक मांडलेत. त्यांतले चार चालतात आणि दोन अवयवदानासाठी ठेवलेत. चारांतल्या एखाद्याचं काही बिघडलं की या दोघांतलं काढून त्याला बसवायचं. उजव्या कोपऱ्यात एक जुना टाइपरायटर आहे, अंगावर मळकं कापड ओढून झोपलेल्या पाहुण्यासारखा. फळ्यावर छापल्यासारख्या अक्षरांत एक ओळ लिहिलेली आहे: कुलूप घातल्यावर फाइलीला कोणीही हात लावायचा नाही. ओळीखाली चार सह्या, तीन मुलांच्या आणि एक मास्तरांची.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून पस्तीस मिनिटं झालीत. वार गुरुवार. कडी वाजते आणि मास्तर आत येतात.

त्यांना येऊ द्या. खुर्ची ओढून, चष्मा काढून, सदऱ्याच्या टोकाने पुसून तो पुन्हा नाकावर बसेपर्यंत आपल्याकडे थोडा वेळ आहे. तेवढ्यात त्यांची ओळख करून घेऊ.

मास्तर म्हणजे टाइपिंगचे मास्तर. वय एकसष्ट, अंगाने काडी, आवाज मात्र शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. एके काळी याच खोलीत बावीस टाइपरायटर होते. सगळे एकदम सुरू झाले की खालच्या मजल्यावर वर्तमानपत्र वाचत बसलेले म्हातारे छताकडे बघून हात जोडायचे. त्या खडखडाटात कोणाचं बोट चुकलं ते मास्तरांना पाठ फिरवलेली असतानाही कळायचं. "खिडकीजवळचा चौथा. एक कळ जास्त पडली. पान फाड." फाड म्हणजे फाड. तिथे खाडाखोड नव्हती, पांढरा रंग लावणं नव्हतं. एक जास्तीचं अक्षर म्हणजे सगळं पान वाया, हे त्यांनी हजारभर पोरांच्या बोटांत उतरवलं. त्या वर्गात तीन लग्नं जमली. तिन्हींच्याही पत्रिका मास्तरांनी स्वतः टाइप करून दिल्या आणि एकीतही चूक नव्हती.

मास्तर स्वतः मात्र बिनलग्नाचे राहिले. घरी ते आणि त्यांची मोठी बहीण. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या ताईने तीस वर्षं कानाला लोकांची बोलणी लावली होती, त्यामुळे माणूस काय बोलतो यापेक्षा कुठे थांबतो तेच तिला जास्त ऐकू यायचं. मास्तरांच्या आयुष्यातली एक गोष्ट फक्त तिला माहीत होती. वर्ग काढण्याआधी ते परीक्षा कार्यालयात निकालपत्रकं टाइप करायचे. एकदा एक ओळ सुटली आणि तिच्या खालच्या अकरा मुलांचे निकाल एकेक घर वर सरकले. कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मास्तरांच्याच लक्षात आलं, आणि ते आपणहून साहेबांकडे गेले. वय तेव्हा पंचवीस. खरं बोललं की माणूस हलका होतो असं वाटण्याचं वय. साहेबांनी कार्यालयातल्या चाळीस जणांना उभं केलं, मास्तरांना मधोमध आणलं आणि ती अकरा नावं मोठ्याने वाचायला लावली. नंतर घरी पाठवलं ते कायमचंच.

त्या दिवसापासून मास्तरांनी एकही चूक केली नाही. निदान कबूल तरी केली नाही.

टाइपरायटर गेले, संगणक आले, आणि मग संगणक शिकायलाही कोणी येईना, कारण सगळ्यांच्या खिशात तो होताच. वाचनालयाने खोली परत मागितली नाही ती निव्वळ भिडेपोटी. मास्तर रोज येऊन सहा पडदे पुसायचे आणि परत जायचे. असं दीड वर्ष चाललं होतं. मग एक दिवस खालच्या वाचनकक्षात त्यांना दोन मुलं भेटली. पुस्तकासाठी नव्हे, भिंतीतल्या प्लगसाठी आलेली. एकाचं नाव ढोल, कारण त्याला हळू बोलता येत नसे. दुसरा वकील, कारण त्याला गप्प बसता येत नसे. दोघं फोनवर कसलासा लढाईचा खेळ खेळत होते.

मास्तर बराच वेळ मागे उभे राहून बघत होते. मग त्यांनी विचारलं, "यात खेळतोस तू, की तो आतला माणूस?"

"मीच की," ढोल म्हणाला. "तो नुसता पळतो. डोकं माझं."

"मग ते डोकं त्याला देता येईल का? तू हात बांधून बसायचं आणि त्याने आपलं आपण खेळायचं."

"तसल्या स्पर्धा असतात, सर," वकील म्हणाला. "पण त्याला कोडिंग यावं लागतं. शिवाय एआय."

"येत नाही म्हणजे शिकावं लागेल," मास्तर म्हणाले. "चला वर."

एकोणसाठाव्या वर्षी त्यांनी सगळं मुळापासून शिकून घेतलं. सकाळी चहाच्या वेळी ताई पुस्तिका हातात धरून त्यांना प्रश्न विचारायची आणि उत्तर चुकलं की बिस्कीट काढून घ्यायची. पहिल्या महिन्यात मास्तर आणखी वाळले.

स्पर्धेतला खेळ वरवर सोपा होता. पडद्यावर भिंतींचा चक्रव्यूह, मध्यभागी कंदील. दोन्ही बाजूंना दोन घरं आणि प्रत्येक घरात एक प्राणी. घरातून निघायचं, कंदील उचलायचा, घरी आणायचा, की मध्यभागी लगेच नवा कंदील. वाटेत समोरच्याने पकडलं की कंदील गेला आणि पुन्हा घरून सुरुवात. खेळ तीन मिनिटांचा, आणि त्या तीन मिनिटांत माणसाने कळीला बोट लावायचं नाही. प्राण्याने काय करायचं ते मुलांनी आधीच शिकवलेलं असलं पाहिजे. शिकवायचं म्हणजे सांगायचं नाही; गुण द्यायचे आणि दंड करायचा. त्याला हजारो वेळा खेळू द्यायचं. ज्याने गुण मिळतात ते तो पुन्हा करतो, ज्याने दंड बसतो ते टाळतो. हळूहळू शहाणा होतो.

त्यांच्या प्राण्याचं नाव बाब्या. पहिल्या महिन्यात बाब्याने त्यांना रडकुंडीला आणलं. पोरांनी कौतुकाने त्याला प्रत्येक पावलाला एक गुण ठेवला होता, तर हा पठ्ठ्या कंदिलाकडे ढुंकूनही न बघता घराभोवती गोल गोल फिरत बसला. सहाशे फेऱ्या झाल्या. ढोल पडद्यावर ओरडून थकला. तेव्हा दारात पुस्तक परत करायला आलेली एक मुलगी उभी होती. बुटकी, शाळेच्या गणवेशात, दप्तर तिच्यापेक्षा मोठं. ती म्हणाली, "तुम्ही त्याला चालायचे गुण देताय. म्हणून तो चालतोय. तो शहाणाच आहे."

मास्तरांनी खुर्ची पुढे सरकवली. "बस," ते म्हणाले.

ती मुंगी. हे नाव ढोलने ठेवलं आणि तिने ते विनातक्रार घेतलं. बाब्याला घडवला तो मुंगीने. कंदील आणला की पंचवीस गुण, पकडला गेला की दहा दंड, पावलाला काही नाही. हे आकडे तिने तीन आठवडे वहीत मांडून, खोडून, पुन्हा मांडून काढले होते. बाब्या आता निघायचा, भिंतीआडून डोकवायचा, हूल द्यायचा, कधी पकडला जायचा आणि लगेच परत निघायचा. दहा सामन्यांतले सहा जिंकायचा. शाळाशाळांच्या फेरीत ते सहज पुढे गेले आणि आता विभागीय फेरी आली होती. सोळा संघ. पहिल्या चार संघांतल्या मुलांना तंत्र विद्यालयात थेट प्रवेश.

ढोलला आणि वकिलाला त्या प्रवेशाचं एवढं काही नव्हतं. त्यांच्या घरी इतर वाटा होत्या. मुंगीकडे ही एकच होती. वडील नव्हते, आई आणि ती मामाच्या आधाराला. मामाचं शिवणकामाचं दुकान, शाळांचे सदरे शिवायचं. मामा वाईट नव्हता, त्याची नजर गेली होती. सुईत दोरा ओवायला आताशा तो गिऱ्हाइकाला सांगायचा. त्याने मुंगीला समोर बसवून म्हटलं होतं, "पहिल्या चारांत आलात तर जा, मी काही आडवा येणार नाही. मशीनला माणूस बघेन. नाही आलात तर मशीनवर तू बस. दोन्हींतलं एक काय ते मला कळू दे, म्हणजे जीव टांगणीला राहणार नाही."

मुंगीने हे मास्तरांना सांगितलं तेव्हा रडली वगैरे नाही. नुसतं सांगितलं.

बुधवारी त्यांनी बाब्याला कुलूप घातलं. म्हणजे फाइल पक्की केली, एक प्रत मुंगीच्या गळ्यातल्या पेनड्राइव्हवर घेतली आणि फळ्यावर सह्या केल्या. हा नियम मास्तरांचाच. ऐन वेळी सुचलेल्या सुधारणेइतकं घातक काही नसतं, ते म्हणायचे. पण त्याच बुधवारी शेवटच्या सराव सामन्यात बाब्या चार वेळा पकडला गेला. जिंकला, तरी चार वेळा पकडला गेला. मुलं हसत होती. "पडू दे हो सर, उठतोय ना," ढोल म्हणाला. मास्तरांना हसू आलं नाही. दर वेळी बाब्या पकडला जायचा तेव्हा पडदा क्षणभर लाल व्हायचा आणि तो लाल रंग त्यांच्या मानेखाली उतरायचा.

आता आपण पुन्हा त्या खोलीत येऊ. गुरुवार. चष्मा पुसून झाला आहे, घड्याळात चार चाळीस होताहेत, मुलं शाळेत आहेत.

मास्तर बाब्याची फाइल उघडतात. मुंगीची ओळ त्यांना पाठ आहे. दंड: दहा. ते तिच्याकडे पान तपासावं तसं बघत राहतात. नुसती थोडी भीती घालायची, ते मनाशी म्हणतात. थोडा जपून वागेल. मुलीचं आयुष्य आहे. मग त्यांचं उजवं बोट, हजारो पानांवर कधी न चुकलेलं, शून्याच्या कळीवर जातं. कळ एकदा वाजते. दहाचे शंभर होतात. ते सराव सुरू करून देतात, दिवा मालवतात आणि फळ्याकडे न बघता बाहेर पडतात.

घरी ताईने विचारलं, "आज काय विशेष? चेहरा उजळलाय."

"काही नाही."

"तुझं हे काही नाही मला लांब पल्ल्याच्या लाइनवरसुद्धा ओळखू येतं."

शुक्रवारी सकाळी दहाच्या आत फाइल पाठवायची होती. मुलांची चाचणी होती, त्यामुळे मास्तर एकटेच आले. रात्रभर बाब्या हजारो वेळा खेळला होता. पडद्यावर निकालाचं पान होतं आणि पहिलीच ओळ अशी: पकडला गेला, शंभर सामन्यांत शून्य वेळा. मास्तरांनी ती तीनदा वाचली. त्यांचे डोळे भरून आले. कंदिलांचा हिशोब त्याच पानाच्या तळाशी होता, तिथवर पान सरकवावं लागायचं. ज्या माणसाने जन्मभर मुलांना शेवटच्या ओळीपर्यंत वाचायला लावलं, त्याने ते सरकवलं नाही. फाइल पाठवली आणि खाली जाऊन म्हाताऱ्यांना चहा पाजला.

शनिवारचं सभागृह मोठं होतं. मागे उतरत्या खुर्च्या, पुढे उंच पडदा, त्याखाली दोन टेबलं. दिवे मंद झाले, पडद्यावर चक्रव्यूह उमटला आणि घंटा वाजली. समोरच्या संघाचा प्राणी बाणासारखा सुटला. बाब्या निघालाच नाही.

तो आपल्या घराच्या कोपऱ्यात उभा होता. अगदी स्थिर नव्हता. थोडा डावीकडे सरकायचा, थोडा उजवीकडे, आणि परत कोपऱ्यात. पहिल्यांदाच एन्ट्री घ्यायची असलेल्या नटाचे पाय विंगेत रुततात, प्रॉम्प्टर कानीकपाळी ओरडतो आणि तो तिथेच थरथरत राहतो, तसा. समोरचा येऊन कंदील घेऊन गेला, परत आला, परत घेऊन गेला. बाब्याने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बाहेर पडलं तर पकडले जाऊ, आणि पकडले गेलो तर मेलो, एवढंच त्याला शिकवलेलं होतं, आणि ते तो पहिल्या नंबराने शिकला होता. सभागृहात आधी कुजबुज झाली, मग कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले. नऊ विरुद्ध शून्य. दुसरा सामना अकरा विरुद्ध शून्य.

"काय झालं याला," ढोल म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा हळू.

तिसऱ्या सामन्याआधी परीक्षक बाईंनी खेळ थांबवला. पांढऱ्या केसांच्या, पायात कापडी बूट घातलेल्या बाई. मुलांची थट्टा झालेली त्यांना आवडली नव्हती. त्या टेबलापाशी आल्या आणि मुंगीच्या शेजारी वाकून म्हणाल्या, "बाळ, फाइल उघड. बघू तरी."

मुंगीने उघडली. तिने पडद्याकडे पाहिलं, आणि पाहतच राहिली. तिचा एक हात गळ्यातल्या पेनड्राइव्हवर होता.

"बुधवारी इथे दहा होते," ती म्हणाली. "आता शंभर आहेत. एक शून्य जास्त पडलंय."

बाईंनी चष्मा वर केला. "हे बघा, नियम स्पष्ट आहे. मुलांच्या हातून चूक झाली असेल तर आहे ते आहे, खेळ पुढे चालू. पण संघाबाहेरच्या कोणी हात लावला असेल, प्रशिक्षकाने, कोणीही, तर मुलांना शिक्षा नाही. त्यांची आधीची फाइल घेऊन सगळे सामने पुन्हा. प्रशिक्षक मात्र यापुढे कुठल्याही स्पर्धेत बसायचा नाही." मग त्यांनी मुंगीला विचारलं, "शून्य कोणाकडून पडलं?"

मुंगीने मान वळवली आणि मास्तरांकडे पाहिलं.

पुढचं वाक्य मास्तरांचं होतं. सभागृहातल्या तीनशे माणसांत ते फक्त त्यांनाच पाठ होतं. चार शब्दांचं: माझ्याकडून पडलं ते, बाई. त्यांनी तोंड उघडलंसुद्धा. पण त्यांच्यासमोर तीनशे चेहरे नव्हते. चाळीस होते, उभे केलेले, आणि मधोमध जागा मोकळी होती. मुंगी बघत होती. विंगेतून कोणी काही सांगत नव्हतं. नाटकात असा एक क्षण येतो, ज्यात समोरचा नट आपल्यासाठी थांबलेला असतो. तो किती थांबणार? तोही माणूसच.

"माझ्याकडूनच पडलं असेल," मुंगी म्हणाली.

बाईंनी मास्तरांकडे एकदा पाहिलं. त्यांना काय दिसलं कोणास ठाऊक. मग त्या आपल्या जागी जाऊन बसल्या आणि घंटा वाजली.

बाब्या पाचही सामने कोपऱ्यात उभा राहिला. एकदाही पकडला गेला नाही.

परतीच्या बसमध्ये मुलं मागे बसली होती, मास्तर पुढे.

"एक शून्य, मुंगे," ढोल म्हणत होता. "फक्त एक. सरांनी किती वेळा सांगितलं असेल, एक कळ जास्त म्हणजे पान वाया."

"तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर फाइल पाठवण्याआधी तिघांनी तपासायला हवं होतं," वकील म्हणाला, पण त्याच्या वादात जीव नव्हता.

खिडकीच्या काचेत मास्तरांना मुंगीचा चेहरा दिसत होता. काचेत बघून बोलणं सोपं जाईल असं त्यांना वाटलं. चार थांबे गेले. पाचव्यावर ती उतरली आणि नेहमीसारखीच म्हणाली, "येते, सर."

सोमवारी मुलं आली नाहीत. मंगळवारी ढोल आला, आपला कीबोर्ड घेऊन गेला. पंधरा दिवसांनी वाचनालयाचे चिटणीस वर आले, बंद खिडकी उघडायचा प्रयत्न केला, नाही उघडली, आणि तिच्याचकडे बघत म्हणाले, "मास्तर, महिनाअखेरपर्यंत जमेल ना? आम्हाला घाई नाही हो. पण जमेल ना?" मास्तर म्हणाले जमेल. फळ्यावरची ओळ आणि चार सह्या त्यांनी पुसल्या नाहीत, फळा नेणाऱ्या हमालाने पुसल्या.

ताईने दीड महिना वाट पाहिली. मास्तर जेवायचे, झोपायचे, वर्तमानपत्र उलटंसुलटं धरायचे. शेवटी एका सकाळी तिने चहा पुढे ठेवला, बिस्किटांचा डबा आपल्या मांडीवर घेतला आणि म्हणाली, "बोल."

त्यांनी सगळं सांगितलं. सांगताना कुठे कुठे थांबले ते तिने ऐकून घेतलं.

"तिला माहीत आहे?"

"तिला वाटतं तिच्याकडूनच झालं."

"आणि तू तिला तसं वाटू दिलंस. दीड महिना."

"प्रवेश तर गेलाच, ताई. आता सांगून काय उपयोग?"

"प्रवेश गेला. पोरगी गेलेली नाही," ताई म्हणाली. "ती रोज त्या मशीनवर बसून मनात म्हणत असणार, माझ्याच हाताने मी माझं वाटोळं केलं. ते ओझं तुझं आहे. जाऊन घेऊन ये." मग डबा उघडून तिने एक बिस्कीट त्यांच्या बशीत ठेवलं. "आणि जाऊन बोल. नुसता जाऊन येऊ नकोस. तुला ओळखते मी."

त्या दिवशी मास्तरांनी घरी आणलेल्या टाइपरायटरवरचं कापड काढलं. चार वाक्यं टाइप केली. शून्य माझ्या हातून पडले. सभागृहात मी गप्प बसलो. तुझी काहीही चूक नव्हती. मला क्षमा कर. पाच कागद फाडले. सहावा बिनचूक निघाला. तो त्यांनी घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि आरशासमोर उभं राहून चारही वाक्यं मोठ्याने म्हणून पाहिली. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

दुकान अरुंद होतं. दोन्ही बाजूंना कापडाचे तागे, मध्ये एका माणसाला पुरेल एवढी वाट, आणि वाटेच्या टोकाला पायाचं मशीन. मामा काउंटरवर दोन गिऱ्हाइकांशी बोलत होता. मुंगी मशीनवर होती. भिंतीवर खिळ्याला कात्री, माप घ्यायची फीत आणि दोरीत ओवलेला पेनड्राइव्ह लटकत होता.

"या, मास्तर," मामा म्हणाला. "माप द्यायला आलात? तुमच्या अंगाला उरलेल्या तुकड्यांत सदरा निघेल."

गिऱ्हाइकं हसली. मास्तरही हसले आणि ताग्यांमधून पुढे गेले.

"बसा, सर," मुंगी म्हणाली. बसायला काही नव्हतं. तिने सदऱ्याची बाही सुईखाली सरकवली आणि पाय चालू ठेवला.

मास्तरांचा हात खिशाकडे गेला. "मुंगे, त्या दिवशी सभागृहात..."

"सर, फाइलवर वेळ असते," ती म्हणाली.

मशीन चालत होतं.

"आकड्यात शेवटचा बदल केव्हा केला त्याची. गुरुवार, चार वाजून चाळीस मिनिटं. मी तेव्हा शाळेत होते. तिघंही होतो." तिने बाही फिरवली. "बाईंनी फाइल उघडायला सांगितली ना, तेव्हाच दिसली मला."

मास्तरांनी विचारलं, "मग तिथेच बोलली का नाहीस?"

मुंगीने मशीन थांबवलं. वाकून दोरा दातांनी तोडला. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते."

काउंटरवरून मामाने विचारलं, "काय गं, कसली वेळ?"

"काही नाही, मामा. खेळातलं." तिने मान वर करून मास्तरांकडे पाहिलं, टेबलापाशी पाहिलं होतं तसंच. घाई न करता.

कागद खिशात होता. बोटांना त्याची घडी लागत होती. चार वाक्यं, बिनचूक, आरशासमोर म्हणून झालेली. काउंटरवरची गिऱ्हाइकं बोलायची थांबून इकडे बघत होती; दोन गिऱ्हाइकं आणि एक मामा, ज्याला धड दिसतही नव्हतं. मास्तर ताग्यांच्या कोपऱ्यात उभे राहिले. थोडे डावीकडे सरकले, थोडे उजवीकडे. मुंगी थांबली होती. बरीच थांबली. मग तिने खाली बघून दुसरी बाही घेतली आणि पाय पुन्हा चालू झाला.

मास्तरांनी खिशातून हात काढला. चष्मा सारखा केला, शिवून झालेला सदरा उचलला, डोळ्यांजवळ नेला आणि पान तपासावं तशी टीप वरपासून खालपर्यंत तपासली. अगदी शेवटच्या टाक्यापर्यंत. मग तो तिच्यासमोर ठेवत ते म्हणाले,

"टीप सरळ येतेय तुझी. कुठे एक टाका जास्त नाही."